रापणीवरचा चावा

समजा, मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणं चाललंय. यातला मुलगा कुणी एक नव्हे, पण अशा प्रकरणांतला क्रम बहुधा हाच असतो.

सकाळी ७.१०. जाळ्याबाहेर पडलेल्या तारल्यांवर कुत्री तुटून पडतात. त्यातलं एक आठ वर्षांच्या पोराचा तळहात फोडतं. "कायेक होवचा नाय, वाडीतलोच कुत्रो तो." दोर सोडून कोण जाणार?

७.१५. जखमेवर समुद्राचं पाणी, वर चुना. खरं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायला हवं होतं. रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, ते साबणाने फुटतं. साबण घरात होताच.

दुपारी १. दवाखान्यात लसीची पहिली मात्रा मिळते. पण रक्त आलं म्हणजे चावा तिसऱ्या श्रेणीतला. लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर राखण करायला जखमेतच तयार प्रतिपिंडांचं सीरम भरावं लागतं. त्यासाठी चिठ्ठी मिळते ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची.

संध्याकाळी ५. "उद्या जाऊ." उशीर झाला तरी जायला मात्र हवं. पॅरिसमध्ये ६ जुलै १८८५ ला पाश्चरकडे आणलेल्या जोसेफ माइस्टरला लसीचं पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा चाव्याला ६० तास झाले होते. तो वाचला.

तिसरा दिवस. दुसरी मात्रा, रडारड करत. आजोबांनी पोटातल्या १४ इंजेक्शनांची गोष्ट सांगून ठेवलेली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस देशात २००४-०५ मध्येच बंद झाली. पण गोष्टी कुठे बंद होतात!

सातवा दिवस. सीरम घेण्याची मुदत संपते. तिसरी मात्राही राहते. जखम सुकलीय ना, मग?

दहावा दिवस. कुत्रा जिवंत दिसला असता तर घोर मिटला असता. तो चौथ्या दिवसापासून कुणाला दिसलेला नाही. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात कुत्री जाळ्यांनी पकडून लस टोचतात. २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं 'रेबीज-नियंत्रित' राज्य जाहीर झालं. जाळ्यांची वाण मालवणातही नाही.

दोन महिन्यांनंतर, रात्री ९. बऱ्या झालेल्या तळहाताला मुंग्या येतात. मग ताप.

पुढची रात्र. पंख्याचा वारा सोसवत नाही. पेजेची वाटी ओठांशी नेताच घसा आवळतो. आता लस, सीरम, कशाचाच उपयोग नाही.

आठवड्याच्या आत सगळं संपतं. मग लाळेचा संपर्क आलेल्या आईला, आजीला, शेजाऱ्यांना लसीसाठी बोलावलं जातं. या वेळी एकही मात्रा चुकत नाही.