फाडून फेकलेल्या कागदाचा इतिहास

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात तलवारी असतात, बंदुका असतात, पदके आणि गणवेश असतात. बंदुकीची काडतुसे ज्या कागदात बांधून येत तो कागद मात्र सहसा नसतो. कारण साधे आहे. बंदूक जपून ठेवण्यासाठी केलेली असते, तर कागद फाडून फेकण्यासाठी. त्यामुळे ज्या वस्तू लाखोंनी तयार झाल्या, त्यांतले अखंड नमुने आज फार थोडे उरले आहेत.

अमेरिकेत काही संग्राहकांनी यातून एक छंद जोपासला आहे. तेथील यादवी युद्धातील (१८६१-६५) काडतुसांचे पुडे ते जसेच्या तसे पुन्हा तयार करतात. कागद, दोरा, घड्या, लेबल, सारे जुन्या पद्धतीचे. आत दारूऐवजी एखादी निरुपद्रवी पूड आणि शिशाऐवजी लाकडाची गोळी. पहिल्यांदा ऐकताना हा रिकामपणचा उद्योग वाटेल. पण हाताने वस्तू करून पाहिली की नुसत्या वाचनातून न सुटलेले प्रश्न सुटतात आणि काही नवे प्रश्न पडतात. इतिहासाच्या शिक्षकांनी या छंदाकडे पाहावे ते यासाठी.

काडतूस म्हणजे कागदाची पुडी

आज काडतूस म्हटले की पितळेची नळी डोळ्यांपुढे येते. त्या काळी बहुतेक सैनिकांकडे ठासणीची बंदूक असे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सारायची, गजाने ठासायची, मागच्या बाजूला तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. टोपीत पाऱ्याचे एक स्फोटक संयुग असे. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडून दारू पेटे.

लढाईच्या धामधुमीत दारू मोजत बसणार कोण? म्हणून एका बाराची दारू आणि एक गोळी कागदाच्या नळीत एकत्र गुंडाळलेली असे. हेच काडतूस. अमेरिकन सैन्याच्या काडतुसात सुमारे ४ ग्रॅम दारू आणि सुमारे ३२ ग्रॅम वजनाची शिशाची लांबट गोळी असे. सैनिक कागदाचे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती आणि गोळी कागदातून काढून वरून सोडी. सरावलेला सैनिक मिनिटाला तीन बार काढू शके.

अशी दहा काडतुसे पाच-पाचच्या दोन थरांत रचत. गोळीकडची बाजू जड आणि जाड. म्हणून एकाचे गोळीचे टोक वर, तर शेजारच्याचे खाली, अशी मांडणी असे. सोबत एका बारीक कागदी नळीत बारा टोप्या ठेवून सगळे जाड कागदात गुंडाळत आणि दोऱ्याने बांधत. काडतुसे दहा, तर टोप्या बारा का? टोप्या लहान, घाईत बोटांतून निसटत, कधी पेटतही नसत. पुडा बांधणाऱ्याने माणसाची घाई आधीच हिशेबात धरली होती.

करून पाहिल्यावर काय कळते?

सैनिकाच्या कमरेच्या कातडी पेटीत पत्र्याचे दोन डबे असत. प्रत्येक डब्याच्या वरच्या कप्प्यांत दहा सुटी काडतुसे आणि खालच्या कप्प्यात एक न फोडलेला पुडा, अशी एकूण चाळीस काडतुसे मावत. ती गुंडाळताना कागद थोडा सैल राहिला तर प्रत्येक काडतूस किंचित जाड होते. दहांचा पुडा फुगतो आणि कप्प्यात जात नाही. फार आवळला तर कागद फाटतो आणि दारू सांडते. नियमपुस्तकात कागदाची मापे दिलेली असतात, पण हाताला किती ताण हवा हे पुस्तकात सापडत नाही. ते दहावीस पुड्या बिघडवल्यावर कळते.

दुसरी गोष्ट कागदाच्या आकाराची. ही नळी वळायला आयताकृती कागद न घेता समलंब चौकोनी कागद घेत, म्हणजे ज्याची एक बाजू तिरकी आहे असा. असा कागद काडीभोवती गुंडाळला की एका टोकाला थर जास्त पडतात, दुसऱ्याला कमी. त्यामुळे एक टोक भक्कम राहते आणि दुसरे सहज दुमडता येते. भूमितीच्या तासाला समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ काढणाऱ्या मुलांना त्याचा हा उपयोग दाखवण्याजोगा आहे.

हे हात कोणाचे?

शंभर पुडे, म्हणजे एक हजार काडतुसे, एका लाकडी पेटीत भरत. नुसती दारू आणि शिसे यांचेच वजन छत्तीस किलोच्या आसपास होते. मिनिटाला तीन बार काढणारी शंभर सैनिकांची तुकडी अशी पेटी साडेतीन मिनिटांच्या आत संपवू शकते. मग पेट्या भरत कोण होते?

बहुतांशी तरुण मुली आणि बायका. पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी शस्त्रागारात सुरुवातीला या कामावर मुलगे होते. त्यांच्याजवळ आगकाड्या सापडू लागल्या, तेव्हा त्यांना काढून टाकून मुलींना घेतले. त्या जास्त काळजीने काम करतात असा अधिकाऱ्यांचा समज होता, आणि घरचे पुरुष युद्धावर गेल्याने अनेकींना मजुरीची गरजही होती. १७ सप्टेंबर १८६२ रोजी दुपारी तेथील काडतुसांच्या इमारतीत लागोपाठ स्फोट झाले. ७८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या आणि काही जणी अजून विशीतही नव्हत्या. अनेकींची ओळखसुद्धा पटली नाही. त्यांना एकत्र पुरावे लागले. दगडी रस्त्यावर सांडलेल्या दारूवर गाडीच्या लोखंडी चाकाची किंवा घोड्याच्या नालेची ठिणगी पडली असावी असे म्हटले गेले, पण कारण कायमचे अनिश्चित राहिले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणावर ठपका ठेवला, तर लष्कराच्या चौकशीने त्यांना दोषमुक्त केले.

त्याच दिवशी ॲन्टिएटमची लढाई झाली. मृत आणि जखमी धरून सुमारे २३ हजार सैनिकांची हानी झालेली ही लढाई अमेरिकेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. काडतुसे वळणाऱ्या मुली मात्र फार काळ फक्त त्यांच्या गावाच्याच आठवणीत राहिल्या. असे अपघात पुढेही घडले. दक्षिणेकडील रिचमंड येथे मार्च १८६३ मध्ये चाळीसहून अधिक जणांचा बळी गेला, तर वॉशिंग्टनच्या शस्त्रागारात जून १८६४ मध्ये २१ स्त्रिया गेल्या. वॉशिंग्टनच्या अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष लिंकन स्वतः हजर होते.

याच कागदाची आपल्याकडील गोष्ट

या युद्धात दोन्ही बाजूंनी इंग्लंडमधून एन्फील्ड बंदुका लाखोंनी विकत घेतल्या. हीच बंदूक त्याआधी, १८५७ च्या सुरुवातीला, कंपनीच्या हिंदी शिपायांच्या हाती देण्याचे ठरले होते. पुढचा इतिहास आपण शिकवतो; पण एक प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. चरबी कागदाला का लावत होते?

उत्तर काडतुसाच्या रचनेत आहे. अमेरिकन काडतुसातली गोळी कागदातून बाहेर काढून नळीत टाकत, त्यामुळे वंगण गोळीच्या खाचांत असे. एन्फील्डच्या काडतुसात गोळी कागदासकटच नळीत जाई, म्हणून वंगण कागदाच्या बाहेरून लावावे लागे. साहजिकच ते शिपायाच्या बोटांना लागणार आणि फाडताना तोंडाजवळ येणार. ती चरबी कोणत्या प्राण्याची याची खातरजमा कोणी केलेली नव्हती.

शिपायांचा संशय चरबीवरच थांबला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये बराकपूरच्या चौकशीत काहींनी खुद्द कागदावरच शंका घेतली: हा कागद चकाकतो, जाळला तर चरबीसारखा वास येतो. सरकारी रसायन परीक्षकाने कागद तपासून त्याला कोणतेही तेलकट द्रव्य लावलेले नाही असा अहवाल दिला. त्याच महिन्यात बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने काडतुसे घ्यायला नकार दिला. ती जुन्या पद्धतीची, चरबी न लावलेली काडतुसे होती. पण त्यांत दोन प्रकारचे कागद दिसले आणि संशय पक्का झाला. ३१ मार्चला ती पलटण मोडण्यात आली.

कागदाविषयीचा अहवाल कागदापुरता खरा होता. पण नव्या काडतुसावरच्या चरबीचा प्रश्न खरा असताना, आणि सरकारवरचा विश्वास उडालेला असताना, प्रयोगशाळेच्या अशा उत्तराने कोणाचे समाधान होणार? विज्ञान शिकवणाऱ्यांनी यावर मुलांशी जरूर बोलावे.

नक्कल आणि फसवणूक

या छंदाला एक धोका आहे. मूळ पुड्याला मोठी किंमत येते, त्यामुळे चांगली प्रतिकृती मूळ म्हणून विकण्याचा मोह होऊ शकतो. जबाबदार छंदिष्ट म्हणूनच आतल्या बाजूला आपली खूण आणि साल घालतात. संशय आल्यास कागदच साक्ष देतो. त्या काळचा कागद मुख्यत्वे चिंध्यांपासून बनत असे. लाकडाच्या लगद्याचा कागद नंतर सर्वत्र पसरला. आजच्या पुष्कळशा पांढऱ्या कागदांत उजळपणा आणणारी रसायने असतात. अतिनील किरणांखाली असा कागद निळसर चमकतो. ही रसायने विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कागदात आली, तेव्हा चमकणारा 'यादवी युद्धातला' कागद खोटा ठरतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा प्रयोग करताना खरी दारू, दिवाळीच्या टिकल्या, फटाके यांपैकी काहीही वापरायचे नाही. जुन्या वर्तमानपत्राचे समलंब चौकोनी तुकडे कापा. पेन्सिलीभोवती गुंडाळून नळी करा, एक टोक बंद करा, आत खडूचा तुकडा आणि चमचाभर रवा घाला आणि वरचे टोक दुमडा. अशा दहा पुड्या खाकी कागदात बांधा. आतल्या बाजूला शाळेचे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. एका पुडीला किती वेळ लागला ते घड्याळावर मोजा आणि हजार पुड्यांचा हिशेब करा. पुडीला दोन मिनिटे धरली तरी तेहेतीस तासांहून अधिक होतात.

हा आकडा फळ्यावर लिहा आणि त्याखाली तीच पेटी रिकामी व्हायला लागणारी साडेतीन मिनिटे लिहा. मग मुलांना विचारा: पाठ्यपुस्तकातल्या लढायांच्या वर्णनात या तेहेतीस तासांचा उल्लेख कुठे येतो?