रूपांतरित इंजिनातील शीत-प्रारंभाचा प्रश्न आणि ट्युनिंगचा इतिहास : मुंबई ते शेलू

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध, कारखाने आणि शासकीय निर्णय यांची नोंद होते. परंतु निर्णयानंतर यंत्र रोज सकाळी चालू कसे राहिले, याची नोंद क्वचितच होते. मुंबईतील पेट्रोलवरील काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे सी.एन.जी. अर्थात संपीडित नैसर्गिक वायूवर झालेले रूपांतर हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या रूपांतरित इंजिनाच्या थंड अवस्थेतील प्रारंभाचा प्रश्न आणि ट्युनिंगद्वारे त्यावर शोधलेला मार्ग यांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी ही मोटार तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, कार्ब्युरेटर असलेले तिचे चार सिलिंडरी इंजिन पेट्रोलसाठी रचलेले होते. १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली. १९९९ मध्ये वाहनांच्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि वि. म. लाल समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यानंतरच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले. इंधन बदलले, इंजिन मात्र तेच राहिले.

शीत-प्रारंभाचे स्वरूप :
पेट्रोल थंडीत नीट बाष्परूप होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रण दाट करावे लागते. वायूला ही अडचण नाही; त्याची अडचण वेगळी आहे. नैसर्गिक वायूच्या मिश्रणात ठिणगी पडण्यास अधिक विद्युतदाब लागतो आणि ज्योतही सावकाश पसरते. झिजलेले पॉइंट, जुना प्लग आणि उतरलेली बॅटरी यांची उणीव पेट्रोलवर झाकली जाई, ती वायूवर उघडी पडे. शिवाय टाकीतील सुमारे २०० बार दाबाचा वायू रेग्युलेटरमध्ये प्रसरण पावताना थंड होतो. त्या रेग्युलेटरला ऊब देणारे इंजिनातील पाणी पहाटे स्वतःच गार असते.

यावर पेट्रोलवर इंजिन चालू करून मग वायूवर नेणे ही रीत रूढ झाली. शेतीपंप पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर नेण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्राला परिचित होतीच. परंतु सतत वायूवर चालल्याने कार्ब्युरेटरचा कप कोरडा पडे आणि पेट्रोलवरील प्रारंभही कठीण होई.

ट्युनिंग : कारागिराचे ज्ञान :
मेकॅनिक प्लगमधील अंतर थोडे कमी करीत, पॉइंट स्वच्छ करीत, रेग्युलेटरच्या स्क्रूने आयडलिंग बसवीत. ज्योतीच्या संथपणामुळे टायमिंग किंचित पुढे घ्यावे लागे. फार पुढे घेतल्यास पेट्रोलवर इंजिन ठोके देई. म्हणजे दोन इंधनांमधील तडजोड हेच ट्युनिंगचे सार होते. कोरड्या वायूमुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजत, म्हणून टॅपेटचे अंतरही तपासावे लागे. स्विच मधल्या स्थितीत ठेवून कपातील पेट्रोल संपू द्यायचे आणि मगच वायू सोडायचा, हे चालकालाही शिकावे लागले.

यातच प्रश्नाचे गांभीर्य आहे. इंजिन थंड असताना अपूर्ण ज्वलन अधिक होते. रूपांतरित टॅक्सी नीट जुळवलेली नसेल तर चालक पेट्रोलवरच अधिक काळ राहणार आणि न्यायालयीन प्रक्रियेचा हेतू तेवढ्यापुरता विफल होणार. हा भार टॅक्सीचालकाच्या रोजच्या कमाईवर आणि मेकॅनिकच्या हातावर पडला.

शेलूचा संदर्भ :
कर्जत तालुक्यातील शेलू हे वांगणी व नेरळ यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक. समुद्रापासून दूर, माथेरानच्या डोंगराजवळील या पट्ट्यात हिवाळ्यातील पहाट मुंबईपेक्षा गार असते. रायगड जिल्ह्यात नगर वायू वितरणाचा अधिकार महानगर गॅसला २०१५ मध्ये मिळाला. तोपर्यंत परिस्थिती बदलली होती. २०१० पासून कारखान्यातच वायूसंच बसवलेल्या मोटारी बाजारात आल्या होत्या. त्यांत प्रारंभ पेट्रोलवर आणि इंजिन तापल्यावर वायूवर, हा बदल संगणकीय नियंत्रक आपोआप करतो. मेकॅनिकने हाताने बसवलेला क्रमच येथे यंत्रणेत समाविष्ट झालेला दिसतो.

निष्कर्ष :
वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिच्यासोबत कान, स्क्रू-ड्रायव्हर आणि अनुभव यांवर आधारलेले एक ज्ञानही मागे पडत आहे. कायद्याने इंधन बदलता येते. परंतु तो बदल यशस्वी होतो तो गॅरेजमध्ये. म्हणून पर्यावरणीय धोरणाच्या इतिहासलेखनात न्यायनिर्णयांबरोबरच या कारागिरांच्या मौखिक साक्षींचे संकलन होणे अगत्याचे आहे. मुंबईपासून कर्जत-खालापूरपर्यंतच्या महाविद्यालयांतील इतिहास व विज्ञान विभागांनी हे काम संयुक्तपणे हाती घेतल्यास ते आजही शक्य आहे.