धीराचे भांडवल

जुन्या, नामांकित कंपन्यांना शेअरबाजारात ‘ब्लू चिप’ म्हणतात. हे नाव मुळात जुगाराच्या टेबलावरचे होय. पोकरच्या खेळात निळी चकती सर्वांत मोलाची. मग अशा कंपनीचे भाग वर्षानुवर्षे बाळगणारा गृहस्थ जुगारी म्हणावा की भागीदार? मुंबईच्या इतिहासाला हा प्रश्न विचारून पाहू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडकला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाला ५०,००० च्या वर भाव आला. समुद्र जागच्या जागी होता. कागद मात्र हातोहात फिरत होता. १८६५ त युद्ध संपले, १ जुलैला वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला आणि नांदती घरे धुळीला मिळाली.

पुढे बेचाळीस वर्षांनी, १९०७ साली, त्याच मुंबईत टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग विक्रीस निघाले. लंडनमध्ये भांडवल उभे राहिले नव्हते. येथे स्वदेशीचे वारे वाहत होते. सुमारे ८,००० हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. साकचीच्या रानात पहिले लोखंड गळाले ते १९११ साली. पहिल्या महायुद्धात भरभराट झाली. त्यानंतर परदेशी पोलादाचे भाव कोसळले. १९२४ साली कामगारांच्या पगारालाही पैसा उरला नाही. तेव्हा सर दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता, पत्नीच्या हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्याच वर्षी सरकारने जकातीचे संरक्षण दिले. कंपनी तगली, आज शतक उलटल्यावरही ती चालू आहे.

ह्यावरून कोणी म्हणेल, धीर धरला की फळ ठेवलेलेच! परंतु इतिहास इतका सोपा नाही. स्वदेशीच्या त्याच लाटेत, १९०६ साली, मुंबईत इंडियन स्पेसी बँक निघाली होती. चांदीच्या सट्ट्यात गुंतून ती १९१३ त बुडाली. तिच्या भागधारकांपाशी देशाभिमान होता, धीरही असेल. पण आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नव्हते. आपण वाचलेल्या कंपन्यांच्या कथा ऐकतो. बुडालेल्यांच्या कथा सांगायला सहसा कोणी उरत नाही.

तेव्हा धीर हा गुण खरा, पण तो डोळस हवा. कंपनी प्रत्यक्ष काय निर्माण करते? संकटात तिचे चालक पुढे होतात की मागच्या दाराने निसटतात? आणि हा पैसा दहा वर्षे परत आला नाही, तर आपली चूल पेटती राहील काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधून, सारी पुंजी एकाच नावावर न लावता, जो भाग घेतो तो भागीदार. नुसता भाव पाहून जो घेतो, तो कंपनी कितीही थोर असली तरी बॅकबेच्याच किनाऱ्यावर उभा असतो.