त्वरित आयुर्मान चाचणीचे सांख्यिकीय नियोजन

20 वर्षे टिकायला हवी अशी वस्तू 20 वर्षे तपासत बसता येत नाही. म्हणून तिला जास्त तापमान किंवा विद्युतदाब यांसारखा ताण देऊन लवकर निकामी होऊ देतात आणि त्या आकड्यांवरून नेहमीच्या वापरातले आयुष्य काढतात. तापमानासाठी आऱ्हेनियसचे 1889 मधले समीकरण आजही आधाराला आहे. सक्रियण ऊर्जा (बिघाडाची प्रक्रिया घडायला लागणारी ऊर्जा) 0.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर 125 अंश सेल्सियसवरचे 1,000 तास 55 अंशांवरच्या सुमारे 78,000 तासांइतके, म्हणजे जवळपास 9 वर्षांचे ठरतात.

खरी कसोटी नमुन्यांच्या वाटपात आहे. ताणाच्या सर्व पातळ्यांवर सारखे वाटप सोपे, पण तोट्याचे. कमी ताणावर थोडेच नमुने निकामी होतात आणि अंदाज तर त्याहूनही खालच्या ताणासाठी हवा असतो, त्यामुळे मोठा वाटा तिथेच द्यावा लागतो. सांख्यिकीतज्ज्ञ मीकर आणि हान यांनी 1985 मध्ये कमी, मध्यम व उच्च ताणासाठी 4:2:1 हे प्रमाण सुचवले.

ताण बेसुमार वाढवला, तर वस्तू वेगळ्याच कारणाने बिघडते. मग गणित निरुपयोगी.

सांख्यिकीतज्ज्ञ वेन नेल्सन यांनी अभ्यासलेल्या मोटार-विद्युतरोधनाच्या चाचणीत 190, 220, 240 आणि 260 अंशांवर प्रत्येकी 10 नमुने होते; आयुष्य हवे होते 180 अंशांवरचे. बिघाड वेढ्यांमधले, फेजांमधले आणि भूसंपर्काचे असे तीन प्रकारचे निघाले, म्हणून प्रत्येकाचे विश्लेषण वेगळे केले गेले.