उशाशी बसलेली माणसं

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी अम्मीला डेंग्यू झाला. चार दिवस अंग भाजून निघत होतं. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाभींनी घरी फोन करून खिचडी टाकायला सांगितली. रात्रपाळी संपवून निघालेली सिस्टर मात्र पर्स खांद्याला अडकवलेली असतानाही परत फिरली. तिने अम्मीच्या तळपायांना हात लावला, नाडी बघितली, बीपी घेतलं, दोन मिनिटांनी पुन्हा घेतलं. वरचा आणि खालचा आकडा जवळजवळ येत चालले होते. पाय गार पडले होते. ती आम्हाला काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली.

नंतर कळलं की डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच खरी धोक्याची वेळ. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, माणूस बरा होतोय. पुढचे दोन दिवस सलाइनचा थेंब न थेंब मोजला गेला. कमी पडलं तर धोका, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी. लघवी मापून वहीत लिहिली जात होती. हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर लाल ठिपके उठलेत का, पोट दुखतंय का, हे दर तासाला विचारलं जात होतं. डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध नाही. पॅरासिटामॉल, पाणी आणि जागती नजर, एवढाच इलाज. अम्मी वाचली ती त्या नजरेमुळे.

त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये आमच्यातले एक बुजुर्ग त्या सिस्टरकडे बघत म्हणाले, "बच्ची अच्छी है, लेकिन अपनी लडक्यां कू ये काम नक्को." मी गप्प बसलो. गप्प बसण्याची मला सवय होती. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या पुतणीला नर्सिंगला जायचं होतं. रात्रपाळी, परक्या पुरुषांना हात लावणं, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, असं सगळं बोलून झालं आणि तिचा फॉर्म भरलाच गेला नाही. भाईजानने माझं मत विचारलं होतं. मी म्हणालो, "तुम्ही मोठे आहात, बघा." एवढंच.

अम्मी घरी आल्यावर मी या विषयावर वाचायला बसलो. आपण ज्याला "आपल्यात नसतं" म्हणतो ते खरंच आपल्यात नव्हतं का, हे मला बघायचं होतं.

पहिलं नाव मदिनेतलंच सापडलं. रुफैदा, अस्लम कबिल्यातली. इसवी सन ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईत साद बिन मुआज यांना बाण लागला. सीरतच्या जुन्या ग्रंथांत नोंद आहे की प्रेषितांनी (स.) त्यांना रुफैदाच्या तंबूत ठेवायला सांगितलं, म्हणजे जवळच असल्यामुळे त्यांना भेटायला जाता येईल. तो तंबू होता मस्जिद-ए-नबवीच्या आवारात. ज्यांची काळजी घ्यायला कुणी नाही अशा जखमींची ती शुश्रूषा करायची. साद काही दिवसांनी वारले. शुश्रूषेने प्रत्येक माणूस वाचतोच असं नाही. पण एका परक्या पुरुषाची जखम एका बाईने धुवावी, तेही मशिदीच्या अंगणात, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुसरी गोष्ट साथीच्या रोगांची. कोरोनात आपण सगळ्यांनी ती हदीस एकमेकांना फॉरवर्ड केली होती, की जिथे ताऊन पसरला आहे तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे पसरला तर तिथून पळू नका. लॉकडाउन आपल्याकडे तेव्हापासून आहे, असं आपण अभिमानाने म्हणालो. पण निरोगी माणसाने तिथे का थांबायचं, याचं एक कारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये दिलं आहे. धडधाकट माणसं निघून गेली तर गावात उरतील फक्त आजारी, आणि त्यांना पाणी पाजायला, घास भरवायला कुणी राहणार नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. मी तो उतारा वाचला तेव्हा थांबलो. आपण त्या हदीसमध्ये फक्त बंदोबस्त वाचला होता. गझालींनी त्यात शुश्रूषा वाचली.

तेराव्या शतकात कैरोमध्ये सुलतान कलाऊनने बीमारिस्तान बांधलं. १२८४ मध्ये ते सुरू झालं. तापाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा, जखमींसाठी वेगळी, पुरुषांसाठी वेगळा भाग, बायकांसाठी वेगळा, आणि दोन्हीकडे सेवेला पगारी माणसं, पुरुषांकडे पुरुष आणि बायकांकडे बायका. खर्च वक्फच्या उत्पन्नातून. तिथल्या हकीमांची नावं इतिहासात आहेत. उशाशी बसणाऱ्यांची नाहीत.

आता आपल्या मुलखात येऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे मात्र सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे पहिली दोन वर्षं सरकार अंधारात चाचपडत होतं. घरं धुतली, सामान जाळलं, गटारात औषध ओतलं, माणसं उचलून नेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि उचलून नेण्याला कायद्याचं बळ मिळालं.

पण नेऊन करायचं काय? प्लेगवर चालणारं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. इस्पितळात जे मिळू शकत होतं ती शुश्रूषाच. तापाने माणूस भ्रमात जायचा, उठून पळायचा, त्याला धरून ठेवावं लागायचं. प्लेगमध्ये हृदय इतकं कमकुवत होतं की अचानक उठून बसल्यानेही माणूस जाऊ शकतो. म्हणून त्याला आडवंच ठेवून चमच्याने पाणी आणि दूध द्यायचं, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, जांघेतल्या आणि काखेतल्या गाठीवर शेक द्यायचा, ती फुटली की धुवायची. हे रात्रंदिवस करायला माणसं लागत होती, आणि नेमकी तीच फार थोडी होती.

लोकांच्या डोळ्यांसमोर एवढंच येत होतं की गाडी येते, माणूस जातो आणि परत येत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. नंतरच्या काळात कस्तुरबा म्हणून ओळखलं जाऊ लागलेलं तेच हे साथरोगाचं इस्पितळ. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाह्यांच्या, म्हणजे मुसलमान विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. निमित्त होतं एका आजारी मुलीचं. तिला तपासायला आणि न्यायला पथक आलं होतं आणि घरच्यांनी नकार दिला होता. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

या दंगलीबद्दल दोन गोष्टी लिहिल्या जातात. एक, मुसलमान अडाणी होते, परदा धरून बसले. दुसरी, इंग्रज जुलमी होते. दोन्हींत काही तथ्य आहे, पण मला तिसरी दिसते. आजारी मुलीला कुणाच्या हाती सोपवायचं, हा आईबापांचा प्रश्न होता. तिला पाणी पाजणारी बाई तिची भाषा बोलणारी असेल का? ती मेली तर गुसल कोण देईल? या प्रश्नांची उत्तरं पथकाकडे नव्हती. आणि आपल्या वस्तीतही अशी एक शिकलेली बाई नव्हती, जी पथकाच्या पुढे होऊन म्हणाली असती, "पोरीजवळ मी बसते."

दंगलीनंतर सरकारने सक्ती बरीच सैल केली. हिंदू, पारशी आणि मुसलमानांतल्या वेगवेगळ्या जमातींनी आपापली प्लेग इस्पितळं चालवली, आणि जिथे ओळखीचे चेहरे होते तिथे लोक जास्त विश्वासाने गेले. लशीचंही तेच झालं. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक घाबरत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी सगळ्यांसमोर ती टोचून घेतली, हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली, आणि हजारो खोजा पुढे आले. सुई तीच होती. पुढे झालेला दंड आपल्यातला होता.

त्या दंगलीच्या आदल्या वर्षीचा, १० मार्च १८९७ चा दिवस पुण्याच्या इतिहासात आहे. त्या दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. वय ६६. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने गावाबाहेर, हडपसरच्या बाजूला, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत, त्यांची सेवा करत. मुंढव्याच्या वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं आहे. तो वाचला, त्या गेल्या. त्याच महिन्यात रँडच्या प्लेग कमिटीने सैनिक घेऊन पुण्यात घरझडत्या सुरू केल्या आणि जूनमध्ये चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुण्याच्या प्लेगचा इतिहास म्हटला की आपल्याला त्या गोळ्या आठवतात. पाठीवर पोर घेऊन चाललेली सहासष्ट वर्षांची बाई नंतर आठवते.

सावित्रीबाईंचं एक पत्र आपण मुसलमान फार प्रेमाने दाखवतो. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्यांनी नायगावच्या माहेरून जोतिरावांना लिहिलेलं. का दाखवतो? कारण त्यात फातिमाबींचं नाव आहे. आपण गैरहजर असल्याने फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. त्या एका नावावर आपण व्याख्यानं दिली, जयंत्या केल्या. मीही दिली आहेत.

पण त्या पत्राची सुरुवात मी कधी नीट वाचलीच नव्हती. सावित्रीबाई नायगावला होत्या कारण त्या खूप आजारी होत्या. त्या लिहितात की आता बरं वाटतंय आणि आजारपणात भावाने मोठ्या कष्टाने त्यांची शुश्रूषा केली. म्हणजे या पत्रात दोन माणसं आहेत, जी दुसऱ्याचा भार न कुरकुरता उचलतात. एक पुण्यात शाळा सांभाळणारी फातिमा, एक उशाशी बसलेला भाऊ. महार-मांगांसाठी काम करण्यावरून तोच भाऊ बहिणीशी वाद घालत होता, हेही त्याच पत्रात आहे. मतं पटत नव्हती, तरी सेवा केली. चाळीस वर्षांनी सावित्रीबाई दुसऱ्याच्या उशाशी बसल्या तेव्हा त्यांना तो भाऊ आठवला असेल की नाही, कोण जाणे. मला तो आठवतो.

आपल्या समाजात आता डॉक्टर पुष्कळ आहेत. मुलगी एमबीबीएसला लागली की मोहल्ल्यात पेढे वाटतात. ती डॉक्टरही पुरुष रुग्णांना हात लावते, तिलाही रात्रपाळी असते. मग नर्सिंगलाच आपला परदा आडवा का येतो? मला वाटतं, अडचण परद्याची नाही. घाण साफ करणारं काम हलकं, हा आपला जुना समज आहे. जातीची ही गोष्ट आपण शेजाऱ्यांच्या नावावर टाकतो, पण ती आपल्या घरातही आहे. रुफैदाचं नाव घेताना मान ताठ होते, आणि पोरीचा फॉर्म समोर आला की मान खाली जाते.

माझी पुतणी आता बी.ए. होऊन घरी आहे. तिने मला कधी दोष दिला नाही. तिच्या धाकट्या बहिणीची बारावी यंदा झाली. तिनेही नर्सिंगचा फॉर्म आणला आहे. गेल्या जुम्म्याला नमाजनंतर भाईजानने विचारलं, "काय करायचं?" अम्मी तिथेच बसली होती. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "भरा फॉर्म. माझ्या पायाला हात लावून बघणारी कुणाची तरी पोरगीच होती."

या वेळी मीही बोललो. फॉर्म भरून आला आहे.