साक्षीदार दिव्यांचा इतिहास

मुद्देमालास कोणाचा हात तर लागला नव्हता ना, हा प्रश्न आम्हां वकिलांच्या अंगवळणी पडलेला आहे. पुरावा कितीही ठळक असो; तो गोळा करतानाच त्यात फेरफार झाला असेल, तर त्याची किंमत उरत नाही. जिवंत पेशीतील आर.एन.ए. डोळ्यांनी पाहण्याच्या विद्येचा इतिहास वाचताना हाच प्रश्न आमच्यापुढे पुनःपुन्हा उभा राहिला.

डी.एन.ए. हा मूळ दस्त मानला, तर संदेशवाहक आर.एन.ए. ही त्याची नक्कल होय. ही नक्कल केव्हा निघाली, कोठे पोहोचली आणि केव्हा नष्ट झाली, यावर पेशीचा बराचसा कारभार अवलंबून असतो. परंतु हा रेणू स्वतः प्रकाशत नाही. त्यास दिवा बाहेरून द्यावा लागतो.

पहिला दिवा समुद्रातून आला. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या फ्रायडे हार्बर येथे ओसामु शिमोमुरा यांनी सुमारे १०,००० जेलीफिश गोळा केले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एका हिरवट प्रथिनाचा उल्लेख आला, तोही केवळ तळटीपेत. निळा प्रकाश पडताच हे प्रथिन हिरवे उजळते. या गुणास अनुस्फुरण म्हणतात. १९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले, आणि १९९४ साली मार्टिन चॅल्फी यांनी ते जिवाणूत व सूक्ष्म कृमीत घालून तेथेही तो प्रकाश दाखविला. २००८ चे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चॅल्फी व रॉजर त्सियेन या तिघांस मिळाले. प्रॅशर यांनी आपले जनुक चॅल्फी व त्सियेन या दोघांस मोकळ्या हाताने दिले होते; पारितोषिकाच्या वेळी ते मात्र उपजीविकेसाठी गाडी चालवीत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा!

हा दिवा आर.एन.ए.वर बसविण्याची युक्ती १९९८ साली रॉबर्ट सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीत योजिली. एम.एस.२ नावाच्या विषाणूच्या आवरणाचे प्रथिन आर.एन.ए.च्या एका विशिष्ट वळणास घट्ट धरते. ते वळण इष्ट आर.एन.ए.स जोडावे, आणि आवरणाच्या प्रथिनास हिरवे प्रथिन चिकटवावे, एवढीच ती युक्ती. तिने आर.एन.ए.चा प्रवास दिसू लागला; पण दोन आक्षेपही उभे राहिले. न चिकटलेली प्रथिनेही प्रकाशतच राहतात, हा एक. दुसरा अधिक गंभीर आहे. यीस्टमध्ये ही प्रथिने आर.एन.ए.चा नाश अडवितात आणि नष्ट होताना उरलेले तुकडेच अखंड आर.एन.ए. म्हणून दिसू शकतात, हे २०१५ साली दाखविण्यात आले. साक्षीदारानेच मुद्देमाल अडवून धरला होता! २०१८ साली या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती पुढे आली.

दुसरा मार्ग निराळा होता. १९९० साली टर्क व गोल्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे एलिंग्टन व शोस्टाक यांनी, असंख्य यादृच्छिक आर.एन.ए.मधून इष्ट रेणूस धरणारे तेवढे निवडून काढण्याची रीत दाखविली. अशा आर.एन.ए.स ॲप्टॅमर हे नाव एलिंग्टन व शोस्टाक यांनी दिले. मॅलाकाइट ग्रीन या रंगास धरणाऱ्या ॲप्टॅमरचा उपयोग १९९९ साली लेसरच्या साह्याने आर.एन.ए. निकामी करण्यासाठी झाला होता. २००३ साली त्सियेन यांच्या प्रयोगशाळेस आढळले, की याच जोडीत रंगाचे अनुस्फुरण २,००० पटींहून अधिक वाढते. जो हात दिवा धरतो, तोच घावही घालतो, असा साक्षीदार पेशीत कसा चालावा?

उत्तर २०११ साली न्यूयॉर्कमध्ये सॅमी जॅफ्री व सहकाऱ्यांनी दिले. जेलीफिशच्या प्रथिनाच्या गाभ्याचे अनुकरण करणारा एक लहानसा रंग त्यांनी घेतला. तो मोकळा असताना आपली ऊर्जा हालचालीत घालवितो आणि अंधारात राहतो. ॲप्टॅमरच्या कोंदणात बसला की त्याची चळवळ थांबते व तो हिरवा प्रकाशतो. या ॲप्टॅमरचे नाव स्पिनॅच, म्हणजे पालक. तो शरीराच्या उष्णतेत नीट घडी घेत नसे, म्हणून २०१३ साली स्पिनॅच-२ आला. पुढे ब्रोकोली, मँगो, कॉर्न आणि २०१९ साली शांघायहून पेपर. जणू भाजीबाजारच भरला.

तरीही आमच्या मते खटला निकाली निघालेला नाही. ॲप्टॅमर हाही आर.एन.ए.स जोडलेला परका तुकडाच होय. तो मूळ रेणूची घडी वा आयुष्य बदलत नाही, हे दरवेळी सिद्ध करावे लागते. या साठ वर्षांत दिवे अधिकाधिक तेजस्वी झाले खरे. पण शास्त्रज्ञांनी आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचे सोडले नाही, हे आम्हांस त्याहून मोलाचे वाटते.