पडलेली पानं

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलात, डिंभ्याचं पाणी मागे पडलं, की रान दाट होत जातं. एका बेहड्याखाली तुम्ही टेकता. खाली करडी, मखमली सालीची फळं पडली आहेत. पाच उचलून तळहातावर खुळखुळवता. वेदकाळातल्या जुगाऱ्यांचे फासे म्हणजे हीच फळं.

तेवढ्यात चाकांचा खडखडाट येतो. वनपर्वातला रथ आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाला निघालाय आणि लगाम बाहुकाच्या हाती आहेत. बाहुक म्हणजे वेष पालटलेला, द्यूतात राज्य घालवलेला नळ. महाभारतात बेहड्याच्या झाडाची जागा सांगितलेली नाही; आज ती इथे धरा, ज्या गावाच्या नावातच घोडे आहेत त्याच्या रानात. राजा झाडाकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, झाडावर आहेत त्यापेक्षा एकशे एक पानं खाली जास्त पडली आहेत, आणि दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. घाई असूनही तो रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग सौदा होतो: नळ अश्वविद्या देतो, राजा अक्षहृदय, म्हणजे फाशांची आणि मोजण्याची विद्या, देतो. ती विद्या मिळताच नळाला द्यूतात बुडवणारा, त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि बेहड्यात शिरतो.

झाडाचं ते पान आणि पत्त्यातलंही पानच. आपल्या भाषेनं हे जोडून ठेवलंय, म्हणून पुढचा प्रवास तुम्हाला परका वाटणार नाही.

डोळे उघडता ते अमेरिकेत, मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या लष्करी तळावर. 1950 नंतरची वर्षं आहेत. बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट हे चार तरुण सैनिक ड्युटी संपल्यावर हिशेबाच्या यंत्रांवर वाकलेत. खेळ ब्लॅकजॅकचा, म्हणजे एकविसाचा. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवतं आणि तुम्ही बसता.

तुम्हाला दोन पानं मिळतात, डीलरलाही दोन, त्यातलं एक उघडं. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा, तुमच्या सोयीनं. एक्का आणि दहाचं पान पहिल्याच दोनांत आलं तर तो ब्लॅकजॅक. नाहीतर एकविसाच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. डीलरला स्वतःची बुद्धी चालवता येत नाही: सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. मग घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा कुठून येतो? तुम्ही आधी खेळता म्हणून. तुम्ही बावीसवर गेलात की पैसे गेले. मागाहून डीलरही तसाच फुटला तरी ते परत येत नाहीत. सगळी मेख इथे आहे.

छक्की आणि पंजी, अकरा. डीलरची छक्की उघडी. चौघांतला एक म्हणतो, आता पैसे दुप्पट करा. हे डबल: डाव दुप्पट, पण पुढे एकच पान. दुसऱ्या हाताला दोन अठ्ठ्या येतात. सोळा ही सर्वांत वाईट बेरीज, म्हणून त्या फोडायच्या, प्रत्येकीवर तेवढेच पैसे ठेवून दोन हात खेळायचे. एक्केही फोडायचे. दोन राजे मात्र कधीच नाहीत. वीस हातात असताना कशाला मोडायचे? काही टेबलांवर निम्मे पैसे परत घेऊन हात सोडताही येतो. 1956 मध्ये या चौघांचा निबंध छापून आला. नीट खेळलं तर घराचा वाटा शेकड्याला एकाच्याही आत येतो, हे त्यांनी दाखवलं. मला हे काम फार मोठं वाटतं. नशिबाच्या खेळात त्यांनी निर्णयाची जागा नेमकी दाखवली.

पुढचा मुक्काम नेवाडा, 1961. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञानं आयबीएम 704 वर हिशेब करून ऋतुपर्णाचीच विद्या पुन्हा शोधलीय: पडलेली पानं मोजायची. फाशाला आधीचं दान आठवत नाही. पण पत्त्यांत पडलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही.

डीलरचा एक्का उघडा पडतो. तो विचारतो, इन्शुरन्स? म्हणजे मूळ शंभरावर आणखी पन्नास लावायचे. त्याच्या झाकल्या पानात दहा निघाले तर पन्नासाला शंभर मिळणार. तीन पानांत एकाहून जास्त दहाची असतील तरच हे परवडतं. नव्या जोडात एक्का सोडून 51 पानं, त्यात दहाची 16. एक तृतीयांशाला कमीच. म्हणून नको म्हणायचं. पण आज तुम्ही मोजत होता. 16 पानं दिसून गेली, त्यात दहाची फक्त 2. न दिसलेली 36, त्यात 14 दहाची. तुम्ही पन्नास पुढे सरकवता.

शेवटी मांडवीवर येता, पणजीत. पाण्यावर कॅसिनोचे दिवे हलतायत. महाराष्ट्रानंही 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. घोडेगावातल्या माणसाला कॅसिनोचं टेबल पाहायचं तर घाट उतरून गोव्यासारख्या ठिकाणी यावं लागतं.

पहिल्या टेबलाची पाटी वाचा: ब्लॅकजॅकला शंभरावर 150 की 120? या तीस रुपयांत अ‍ॅबर्डीनच्या चौघांची सगळी मेहनत वाहून जाते. मग डीलरच्या हाताशी पाहा. डाव संपला की पानं लगेच मशीनमध्ये परत, अखंड पिसणं चालू. खाली पडलेली पानं पुन्हा झाडावर. ऋतुपर्णाला इथे मोजायला काही उरत नाही.

तुम्ही पलीकडच्या टेबलाकडे जाता. तिथे पानं हातानं पिसतायत. खुर्ची रिकामी आहे, पण बसत नाही. उभ्यानंच, पहिल्या पानापासून, पडतील ती पाहायला लागता.